तूर ज्वारीला पोसते का? पाटणचेरूच्या तांबड्या मातीतलं एक प्रकरण

आमच्याकडे, लातूर-औशाच्या पट्ट्यात, खरीप ज्वारीच्या तिफणीमागे सरता, म्हणजे बी सोडायची पोकळ नळी, बांधलेला असायचा. तिफण ज्वारीचे तास टाकत पुढे जायची आणि मागून सरत्यावर मूठ धरून चालणारी बाई तुरीचं बी सोडत यायची. ज्वारीत तूर कशाला, असं लहानपणी विचारलं की आजोबांचं उत्तर ठरलेलं असे: "तूर ज्वारीला पोसते, अन् ज्वारी गेली की रानाला पोसते." पुढे मी शेतीच्या कामात पडलो आणि हेच वाक्य कितीतरी गावांतल्या बैठकांमध्ये खात्रीने सांगत आलो. त्याचा दुसरा भाग खरा आहे आणि पहिला बराचसा चुकीचा, हे मला पस्तीसेक वर्षांपूर्वी छापून आलेल्या एका संशोधनाने शिकवलं. ते प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. दोन पिकं शेजारी लावली की जमिनीखाली त्यांचं काय चालतं याबद्दल आपण फार सैल बोलतो, आणि त्या बोलण्यावर पेरणीचे निर्णय घेतो.

एकाच कुंपणात दोन माती

हैदराबादपासून तिसेक किलोमीटरवर पाटणचेरू आहे. १९७२ साली तिथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे आपलीच पिकं. बीड-लातूरमधून वाहणारी आमची मांजरा बिदरवरून पुढे ज्या संगारेड्डी जिल्ह्यात जाते, त्याच जिल्ह्यात पाटणचेरू येतं. पाऊसही आपल्यासारखाच, वर्षाला साधारण ७५० ते ८०० मिलिमीटर, आणि तोही मृगापासून परतीपर्यंत कसाबसा पसरलेला. त्यामुळे तिथे जे दिसतं ते मराठवाड्यातल्या माणसाला परकं वाटत नाही.

त्या आवाराची खासियत अशी की एकाच कुंपणात दोन्ही जमिनी आहेत. एका बाजूला खोल काळी, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पावसात पायाला चिकटणारी. दुसऱ्या बाजूला ग्रॅनाइटच्या खडकावर तयार झालेली तांबडी, जी पाणी पडलं की लगेच भिजते आणि वाळली की पृष्ठभाग दगडासारखा घट्ट होतो. हवामान तेच, पाऊस तोच, माणसं तीच. फरक फक्त मातीचा. प्रयोग करणाऱ्याला याहून चांगली सोय मिळणं अवघड.

१९८०च्या दशकात तिथे एक कोडं समोर आलं. दोन्ही मातींचं परीक्षण केलं तर उपलब्ध स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, दोन्हीकडे कमीच निघायचं. परीक्षण नेहमीच्या ओल्सेन पद्धतीचं होतं, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात जेवढं स्फुरद सुटून येतं तेवढं मोजायचं. आपल्या माती परीक्षण पत्रिकेवरचा आकडाही याच पद्धतीने काढलेला असतो. पण शेतात पिकाचं वागणं या आकड्याप्रमाणे नव्हतं. काळ्या मातीत स्फुरद घातलं नाही तरी ज्वारी बऱ्यापैकी यायची. तांबड्या मातीत स्फुरदाशिवाय ती सुरुवातीलाच खुंटायची. पत्रिका दोघींना गरीब म्हणत होती, आणि पीक मात्र एकीकडे जगत होतं, दुसरीकडे मरत होतं.

कुंड्यांतला प्रयोग

या कोड्यामागे लागलेल्या गटात जपानी शास्त्रज्ञ नोरिहारू आए, अरिहारा, ओकादा आणि योशिहारा होते, आणि सोबत इक्रिसॅटचे जोहान्सन. त्यांनी दोन्ही माती कुंड्यांत भरल्या आणि स्फुरद न देता त्यात निरनिराळी पिकं लावली. ज्वारी, बाजरी, मका, सोयाबीन आणि तूर.

काळ्या मातीत सगळी पिकं वाढली. तूर तिथे इतरांपेक्षा काही पुढे नव्हती. तांबड्या मातीत मात्र ज्वारी, मका, सोयाबीन ही पिकं महिनाभरात उपासमारीने गेली. ज्याने स्फुरदाच्या कमतरतेतली ज्वारी पाहिली आहे त्याला ते चित्र डोळ्यांसमोर आणता येईल: पानं आधी गडद हिरवी होतात, मग कडेने जांभळी झाक येते, रोप जागच्या जागी थांबतं आणि खालची पानं टोकापासून वाळत जातात. त्याच मातीत, त्याच ओळीतल्या कुंड्यांमध्ये तूर जगली आणि वाढत राहिली.

म्हणजे तांबड्या मातीत स्फुरद होतं. ज्वारीला ते घेता येत नव्हतं आणि तुरीला येत होतं.

मग मातीतलं स्फुरद कोणाला बांधलेलं आहे हे तपासलं गेलं. काळ्या मातीत त्याचा मोठा भाग कॅल्शियमला बांधलेला असतो. मुळाभोवती थोडासा आंबटपणा तयार झाला की ही गाठ सैल होते, आणि तेवढं जवळपास प्रत्येक पिकाच्या मुळाला जमतं. तांबड्या मातीत स्फुरदाला लोहाने धरून ठेवलेलं असतं. ही पकड आंबटपणाने सुटत नाही. पुढच्या टप्प्यात मातीच बाजूला ठेवून, ज्यात स्फुरद फक्त एकाच रूपात आहे अशा माध्यमात पिकं वाढवली. जिथे फक्त लोहबद्ध स्फुरद होतं तिथे तुरीने ते उचललं, बाकीच्या पिकांना ते फारसं जमलं नाही.

शेवटी तुरीच्या मुळांतून काय पाझरतं ते गोळा करून पाहिलं. त्यात पिसिडिक आम्ल आणि त्याचंच एक मिथाइल रूप सापडलं. हे नाव आलं आहे पिसिडिया या वेस्ट इंडीजकडच्या झाडावरून. त्याची साल पाण्यात टाकून तिथले लोक मासे गुंगवून पकडत, आणि लॅटिनमध्ये माशाला पिसिस म्हणतात. आपल्या तुरीच्या मुळाशी असलेल्या आम्लाला मासेमारीतून नाव मिळावं याची मला अजूनही गंमत वाटते.

हे आम्ल काय करतं, ते समजायला खताच्या दुकानातलं चिलेटेड झिंक किंवा चिलेटेड फेरस आठवावं. चिलेट म्हणजे धातूच्या कणाला खेकड्याच्या नांगीसारखं दोन्ही बाजूंनी धरणारा रेणू. पिसिडिक आम्ल लोहाला असंच धरतं. लोहाचे हात एकदा त्यात गुंतले की त्याने धरलेलं स्फुरद मोकळं होतं आणि शेजारीच असलेलं मूळ ते शोषून घेतं. आपण पैसे देऊन आणतो ते तंत्र तूर स्वतःच्या मुळाशी वापरते. एप्रिल १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं.

एक दुरुस्ती लगेच करायला हवी. पिसिडिक आम्ल हेच सगळं गुपित आहे असं नंतरच्या वर्षांत राहिलं नाही. तुरीच्या मुळांतून मॅलोनिक आणि ऑक्झॅलिक आम्लंही निघतात असं दिसलं. आए यांनी स्वतःच पुढे भुईमूग आणि तुरीच्या मुळांच्या पेशींची भिंतही लोहबद्ध स्फुरद सोडवायला हातभार लावते असं मांडलं. म्हणजे काही काम पाझरलेल्या आम्लाचं, काही मुळाच्या प्रत्यक्ष स्पर्शाचं. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षात पुन्हा हात घालणारा शास्त्रज्ञ मला फार मोलाचा वाटतो.

मग ज्वारीला काय मिळालं?

इथेच बहुतेक लोक घसरतात, आणि मीही घसरलो होतो. तूर स्फुरद मोकळं करते, ज्वारी तिच्या शेजारी असते, म्हणून ज्वारीला स्फुरद मिळतं, असं सरळ गणित मी मांडत असे. मूळ संशोधनात असं म्हटलेलंच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की भारतीय उपखंडात तूर बहुधा तृणधान्यासोबत, फारसं खत न घालता लावली जाते, म्हणून तिची ही क्षमता एकूण पीकपद्धतीला उपलब्ध होणारं स्फुरद वाढवते. पीकपद्धतीला, ज्वारीला नव्हे.

हा फरक का महत्त्वाचा आहे ते स्फुरदाच्या चालीवरून कळतं. नत्र, म्हणजे नायट्रोजन, नायट्रेटच्या रूपात पाण्याबरोबर वाहतं. पाऊस पडला की ते वरून खाली आणि इकडून तिकडे जातं. स्फुरद जवळपास हलतच नाही. मुळाच्या पृष्ठभागाशी एखाद-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात जे घडेल तेच त्याच्या कामाचं. त्या पट्ट्यातलं स्फुरद सुटलं की ते तुरीचं मूळच उचलतं, आणि सुटलेलं चुकलं तर मातीतलं लोह ते पुन्हा धरतं. ज्वारीच्या मुळाला त्यात वाटा हवा असेल तर तिचं केसमूळ अक्षरशः तुरीच्या मुळाला लगटून असायला लागेल. काही ठिकाणी तसं होतच असेल. पण त्यावर ज्वारी पोसली जावी इतकं ते नाही.

शिवाय वेळही जुळत नाही. तुरीची सुरुवात कमालीची मंद असते. पहिले दीड-दोन महिने ती ज्वारीच्या सावलीत मुकाट उभी असते, वर जेमतेम गुडघाभर आणि खाली मुळांचा पसारा लहान. ज्वारीला स्फुरद लागतं ते नेमकं याच काळात, पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी. तुरीची मुळं जोमात येतात तेव्हा ज्वारीची कापणी जवळ आलेली असते.

आजोबांच्या वाक्याचा दुसरा भाग मात्र या प्रयोगातून भक्कम होतो. तुरीने लोहाकडून काढून घेतलेलं स्फुरद तिच्या पानांत जातं, आणि तूर पानं ढाळण्यात उदार आहे. मार्गशीर्षात तुरीच्या तासात शिरलं की पायाखाली पिवळ्या पानांचा सडा असतो. ती पानं, मोडलेली बारीक मुळं आणि जमिनीत राहिलेलं खोड कुजलं की लोहाच्या पकडीतलं स्फुरद सेंद्रिय रूपात वरच्या थरात येतं. पुढच्या हंगामातल्या कोणत्याही पिकाला ते घेता येतं, त्याला पिसिडिक आम्लाची गरज उरत नाही.

पण इथे एक गोष्ट मी हल्ली प्रत्येक बैठकीत आवर्जून सांगतो. नत्र हवेतून येतं, स्फुरद हवेतून येत नाही. तुरीने ते मातीच्या बंद पेटीतून काढलेलं असतं. दाणे बाजारात जातात, भुसकट जनावरांना जातं, तुराट्या चुलीत किंवा कुडाला जातात. यातून जे स्फुरद रानाबाहेर गेलं ते गेलंच. तांबड्या रानात वर्षानुवर्षं तूर घेऊन काहीच परत न देणं म्हणजे पेटी हळूहळू रिकामी करणं आहे. भुसकट खाल्लेल्या जनावरांचं शेणखत त्याच रानात परत आलं पाहिजे.

नत्राचंही तेच

तूर मुळावरच्या गाठींतून हवेतलं नत्र बांधते, म्हणून ज्वारीला नत्र मिळतं, ही दुसरी पक्की समजूत. पाटणचेरूतच नत्राचा जड समस्थानिक वापरून याचाही माग काढला गेला. उभ्या हंगामात तुरीकडून ज्वारीकडे नत्र गेल्याचा म्हणण्यासारखा पुरावा मिळाला नाही. दिसलं ते वेगळंच. ज्वारीची मुळं झपाट्याने पसरून मातीतलं नायट्रेट ओढून घेतात. तुरीला मातीतून कमी मिळतं, म्हणून ती हवेतल्या नत्रावर जास्त अवलंबून राहते. म्हणजे ज्वारी तुरीच्या हातातलं घेते आणि तुरीला दुसरी वाट धरायला लावते. आपल्याकडे एका वाड्यात दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की धाकटा आपली सोय आपण बघतो, तसंच काहीसं. घर एकच राहतं आणि धान्यावरून भांडण होत नाही. पण थोरल्याचं जेवण धाकट्याच्या चुलीवर शिजतं असं कोणी म्हणू नये.

पुढच्या पिकाला मात्र फायदा होतो. नुसत्या तुरीच्या बेवडावर, म्हणजे आधी तूर घेतलेल्या रानात, घेतलेल्या मक्याला हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र घातल्याइतका लाभ झाल्याचं इक्रिसॅटच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात नोंदवलं आहे. हा आकडा नुसत्या तुरीचा आहे. ज्वारीतल्या विरळ तासांना तो जसाच्या तसा लावू नये.

जमिनीत खणून पाहिलं तर

हे सगळं वाचल्यावर मी एका डिसेंबरात आमच्याच रानात, ज्वारी काढून दोन महिने झालेल्या तुरीच्या तासाशेजारी कमरेइतका खड्डा घेतला. कुदळीने नुसतं खणलं तर काही दिसत नाही. खड्ड्याची तुरीकडची भिंत खुरप्याने तासून सरळ केली आणि झारीने पाणी सोडत माती हळूहळू धुतली.

वरच्या वीतभर थरात ज्वारीच्या धसकटाचा जारवा होता, गच्च, करडा, हाताने ओढला की तुटणारा. तो बाजूलाही तुरीच्या तासापर्यंत आलेला होता. तुरीचं सोटमूळ अंगठ्याएवढं जाड, आणि त्या वरच्या थरात त्याला मोजक्याच फांद्या. हातभर खाली गेल्यावर चित्र पालटलं. ज्वारीची मुळं विरळ झाली आणि तुरीची पांढरी मुळी दिसायला लागली, ओल्या मातीत, अजून चालू असलेली. काही मुळ्या जुन्या भेगेतून सरळ खाली उतरलेल्या होत्या. कमरेच्या खोलीला खड्डा संपला तरी तुरीचं मूळ संपलं नव्हतं. खोल काळ्या जमिनीत ते दीड-दोन मीटरपर्यंत जातं असं वाचलं होतं, ते तेव्हा पटलं.

गाठी मात्र निराशा करणाऱ्या निघाल्या. नखाने दाबली की आत गुलाबी दिसली तर गाठ कामाची. मला सापडल्या त्यातल्या बऱ्याच पोकळ होत्या, आतून खाल्लेल्या. काळ्या जमिनीत रिव्हेलिया नावाच्या एका माशीची अळी तुरीच्या गाठी पोखरते, हे मला नंतर कळलं. आपण बियाण्याला रायझोबियम, म्हणजे गाठी करणारे जिवाणू, लावतो आणि निश्चिंत होतो, पण त्या गाठी हंगामभर टिकतात का हे कोणी पाहत नाही.

या खड्ड्याने मला जोडीचं खरं मर्म दाखवलं. ही दोन पिकं एकमेकांना भरवत नाहीत. त्यांची जेवणाची वेळ वेगळी आणि जागाही वेगळी. ज्वारी साडेतीन महिन्यांत वरच्या थरातलं पाणी आणि अन्न घेऊन मोकळी होते. मध्यम मुदतीची तूर साडेपाच-सहा महिने राहते, आणि ज्वारी गेल्यावर खालच्या थरातल्या ओलीवर फुलोरा आणि शेंगा काढते. एकट्या ज्वारीने खालची ओल तशीच सोडली असती. एकट्या तुरीने पहिले दोन महिने अर्धं रान रिकामं ठेवलं असतं.

इक्रिसॅटच्या विली, नटराजन आणि राव यांनी १९७० आणि ८०च्या दशकांत याचं मोजमाप केलं. दोन तास ज्वारी आणि एक तास तूर या मांडणीत ज्वारीचं उत्पादन नुसत्या ज्वारीच्या जवळपास राहतं आणि वर तुरीचंही बऱ्यापैकी येतं, हे त्यांनी वारंवार दाखवलं. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९८० साली राव आणि विली यांनी ९४ प्रयोग एकत्र करून काढलेलं उत्तर. उत्पन्नाची एक किमान पातळी धरली, जिच्याखाली गेलं की शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं. नुसती तूर त्या पातळीखाली पाच वर्षांत एकदा गेली असती. नुसती ज्वारी आठ वर्षांत एकदा. दोन्ही एकत्र असताना छत्तीस वर्षांत एकदा. कोरडवाहू माणसाला सरासरी उत्पन्नापेक्षा हाच आकडा जास्त कळतो. आमच्या आजोबांनी हा हिशोब कधी मांडला नव्हता, पण सरता सोडला नाही.

मरीच्या बाबतीत ज्वारी खरंच मदत करते

तुरीची मर ही मुळातून येणारी बुरशी आहे. बुरशीशास्त्रज्ञ बटलर यांनी बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचा अभ्यास केला, आणि तिच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव लागतं. ती धसकटावर जमिनीत दोन-तीन वर्षं जिवंत राहते. उभं, फुलावर आलेलं झाड एका बाजूने सुकायला लागतं, खोड चिरलं तर आत काळी-तपकिरी रेघ दिसते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या इक्रिसॅटच्या प्रयोगांत, मरग्रस्त रानात ज्वारीसोबत लावलेल्या तुरीत मरीचं प्रमाण नुसत्या तुरीपेक्षा बरंच कमी दिसलं. कारणं दोन मांडली जातात. ज्वारीच्या मुळांतून निघणारे पदार्थ बुरशीला मारक ठरतात, हे एक. दुसरं अगदी साधं: तुरीच्या दोन तासांमध्ये ज्वारीची मुळं आली की तुरीचं मूळ तुरीच्या मुळाला कमी भेटतं, आणि ज्वारीवर ही बुरशी वाढत नसल्याने तिची वाट तुटते. दोन्ही एकत्र चालत असावीत असं मला वाटतं. ज्वारीची मुळं रसायनांच्या बाबतीत गरीब नाहीत. त्यांच्या केसमुळांवर सॉर्गोलिऑन नावाचा पिवळसर तेलकट थेंब सुटतो, आणि तो बारीक बियांच्या तणांना दाबतो.

म्हणजे जमिनीखाली प्रत्यक्ष मदत झाली असेल तर ती ज्वारीने तुरीला केलेली आहे. आजोबांचं वाक्य इथे उलटं झालं.

आपल्या शिवारात हे कसं लावायचं

तांबड्या मातीतला निष्कर्ष उचलून काळ्यात टाकता येत नाही. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या बहुतेक जमिनी चुनखडीच्या, काळ्या. तिथे स्फुरद कॅल्शियमकडे आहे आणि ज्वारीला ते स्वतः घेता येतं. "तूर स्फुरद मोकळं करते, म्हणून डीएपी (स्फुरदाचं खत) कमी करा" असा सल्ला काळ्या रानात कोणी देत असेल तर त्याला पाटणचेरूचा आधार नाही. हा आधार लागू पडेल तर लोहाच्या तांबड्या जमिनींना. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीच्या (खाचराच्या) धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर लावायची जुनी रीत आहे. मला तिचं फार कौतुक वाटतं. पाण्यात उभी राहू न शकणारी तूर उंच धुऱ्यावर जाते आणि तिचा पाला खाली बांधीत पडतो. तिथल्या तांबड्या जमिनीत त्या पाल्यातून धानाला किती स्फुरद मिळतं, हे कोणीतरी नीट मोजायला हवं.

दुसऱ्या देशातलं एक उदाहरण आठवतं, कारण ते उलटं उत्तर देतं. चीनच्या गान्सू प्रांतात ली लाँग आणि सहकाऱ्यांनी मका आणि बाकला (एक शेंगवर्गीय पीक) ही जोडी अभ्यासली. काही ठिकाणी दोन पिकांच्या मुळांमध्ये प्लास्टिकचा पडदा घातला, काही ठिकाणी बारीक नायलॉनची जाळी, काही ठिकाणी मोकळं सोडलं. प्लास्टिक सगळंच अडवतं. जाळी मुळं अडवते पण पाझर जाऊ देते. तिथे बाकल्याच्या मुळांनी आंबट केलेल्या मातीचा मक्याला खरोखर लाभ झाला. स्फुरद कमी असलेल्या जमिनीवरच्या चार वर्षांच्या प्रयोगांत आंतरपिकातला मका ४३ टक्के आणि बाकला २६ टक्के जास्त आला, असं २००७ साली त्यांनी छापलं. तिथे चुनखडीची माती होती, दोन्ही पिकांची मुळं एकाच वेळी एकमेकांत शिरत होती. आपल्या जोडीत ते होत नाही. म्हणून जोडीचं नाव, माती आणि पेरणी-कापणीची वेळ, तिन्ही सांगितल्याशिवाय "आंतरपिकाचा मुळांना फायदा होतो" या वाक्याला काही अर्थ नाही.

आता आमच्याकडे खरीप ज्वारी जवळपास गेलीच. तिची जागा सोयाबीनने घेतली आणि चार तास सोयाबीन, दोन तास तूर ही मांडणी सगळीकडे दिसते. वेळेचा फायदा यातही आहे, कारण सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं आणि त्याची मुळं वरच्याच थरात राहतात. खालची ओल तुरीला मिळते. पण ज्वारी नायट्रेट ओढून तुरीला हवेकडे वळवत होती, तो दाब सोयाबीन तेवढा टाकत नाही, कारण ते स्वतःच गाठींवर जगणारं पीक आहे. आणि मरीच्या वाटेत उभी असलेली ज्वारीची मुळं आता तिथे नाहीत.

गेल्या हंगामात शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याने मला हेच विचारलं. "दादा, आजोबाच्या टायमाला एवढी मर नव्हती, आता सोयाबीनमध्ये तूर दरसाल सुकती, काय बदललं?" बियाणं बदललं, पाऊस बदलला, रानाची फेरपालट थांबली, हे सगळं आहेच. त्यात मी ज्वारी गेल्याचंही धरतो. मी त्याला सांगितलं ते असं: मरीला प्रतिकारक वाण घे, बदनापूरच्या संशोधन केंद्राचे आहेत. ज्या तुकड्यात मर आली तिथे दोन-तीन वर्षं तूर टाकू नको. सुकलेली झाडं मुळासकट उपटून बांधाबाहेर जाळ, तुराट्या कापून धसकट जमिनीत ठेवू नको. आणि एका एकरात तरी सोयाबीनऐवजी ज्वारी लावून, जुन्यासारखं दोन तास ज्वारी आणि एक तास तूर, बघ. कडब्याचा भाव पाहता त्यात तोटा होईल असं वाटत नाही.

त्याने एकर नाही, पण बांधालगतच्या वीस गुंठ्यांत ज्वारी टाकली. तिफणीचा जुना सरता त्याच्या माळवदावर पडलेला होता, तो काढून त्याच्या आईने स्वतः तूर सोडली.